भिंतीतलं सॉकेट आणि देवडीवरचा पहारेकरी

आज आपण एका अगदी साध्या वस्तूचा इतिहास बघणार आहोत. तुमच्या ऑफिसात, कॉलेजात, बँकेत, हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्येसुद्धा भिंतीवर खालच्या बाजूला, विजेच्या प्लगशेजारी एक चौकोनी सॉकेट असतं. टेलिफोनच्या सॉकेटपेक्षा जरा रुंद. त्यात नेटवर्कची केबल बसते. आपला प्रश्न एवढाच आहे: त्या सॉकेटमध्ये केबल कोणी लावावी, आणि कोणीही लावली तर पुढे काय व्हावं?

प्रश्न किरकोळ वाटतो. म्हणून आधी एक घटना सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात पासाडेनाजवळ जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आहे. मंगळावरच्या गाड्या जिथून चालवल्या जातात, ती संस्था. एप्रिल २०१८ मध्ये तिथे लक्षात आलं की, बाहेरच्या एका वापरकर्त्याचं खातं वापरून कोणीतरी आत शिरलंय आणि एका मोठ्या मोहिमेच्या यंत्रणेतून २३ फायली, सुमारे ५०० मेगाबाइट माहिती, घेऊन गेलंय. हा चोर जवळजवळ दहा महिने आत होता. जून २०१९ मध्ये नासाच्या महानिरीक्षकांचा अहवाल आला. त्यात एका वस्तूचं नाव होतं: रास्पबेरी पाय. तळहाताएवढा, मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला काढलेला स्वस्त कॉम्प्युटर. तो कोणीतरी परवानगी न घेता लॅबच्या नेटवर्कला जोडला होता आणि चोरांनी त्याचा उपयोग करून घेतला.

म्हणजे बघा, मंगळापर्यंत पोचणाऱ्या संस्थेला आपल्या भिंतीतल्या सॉकेटला काय जोडलंय ते माहीत नव्हतं. हे असं का होतं, आणि ते होऊ नये म्हणून गेल्या पंचवीस वर्षांत काय केलं गेलं, ही आजची गोष्ट. तिचं तांत्रिक नाव आहे पोर्टवर आधारित प्रवेश नियंत्रण. प्रमाणकाचा क्रमांक ८०२.१ एक्स. नावाला घाबरू नका, आपण मुळापासून जाऊ.

दार नसलेलं घर

२२ मे १९७३. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं. केंद्रातले आल्टो नावाचे कॉम्प्युटर एकमेकांना आणि लेझर प्रिंटरला जोडायचे होते. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी त्यासाठी जी पद्धत बसवली, तिचं नाव ईथरनेट. प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं जुने शास्त्रज्ञ मानत, तो ‘ईथर’. सगळीकडे पसरलेला, कोणाच्याही मालकीचा नसलेला.

आणि ते नेटवर्क खरंच तसंच होतं. इमारतीतून एक जाड केबल फिरवायची. ज्याला जोडून घ्यायचं त्याने त्या केबलला एक खिळ्यासारखा जोड ठोकायचा. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. एक यंत्र बोललं की ते बाकी सगळ्यांना ऐकू जायचं. प्रत्येकाने फक्त आपल्या पत्त्यावरचं पाकीट उचलायचं आणि बाकीची सोडून द्यायची, असा शिरस्ता होता. आपल्या जुन्या चाळीतल्या गॅलरीसारखं. बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, पण आपल्याला उद्देशून नसलेलं ऐकलं नाही असं दाखवायचं. ते सौजन्य होतं. तिथे कुलूप नव्हतं.

याचा दोष त्या मंडळींना देण्यात अर्थ नाही. त्या केबलपर्यंत पोचायचं तर आधी इमारतीत शिरायला हवं, आणि एक कॉम्प्युटर म्हणजे जागचं न हलणारं, महागडं धूड. कुलूप होतंच, पण ते इमारतीच्या दाराला. आत आला तो आपला, हा हिशेब त्या काळाला पुरत होता. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून दहा मेगाबिटचं ईथरनेट जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेने स्थानिक नेटवर्कच्या प्रमाणकांचं काम हाती घेतलं. त्या प्रकल्पाचा क्रमांक ८०२. पुढची सगळी कहाणी याच क्रमांकाखाली घडते.

कुलूप लावायला जागा कशी मिळाली

आता एक मुद्दा नीट लक्षात घ्या. सगळे एकाच केबलवर असताना तुम्हाला कुलूप लावायचंच म्हटलं तरी लावणार कुठे? दार लागतं ना! ते दार १९९० च्या सुमारास तयार झालं, आणि तेसुद्धा सुरक्षेसाठी नव्हे.

१९९० मध्ये टेलिफोनसारख्या पिळाच्या तारेवर चालणाऱ्या ईथरनेटचं प्रमाणक आलं. आता प्रत्येक टेबलापासून एक स्वतंत्र तार निघून मधल्या एका खोलीत जाऊ लागली. सुरुवातीला तिथे हब असायचा, म्हणजे एका तारेवर आलेलं बोलणं बाकी सगळ्या तारांवर ओरडून सांगणारा डबा. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टचा ईथरनेट स्विच बाजारात आणला. स्विच ओरडत नाही. ज्याचं पाकीट त्याच्याच तारेवर देतो. त्या कंपनीचं नाव होतं ‘कल्पना’. तिच्या दोन संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे, आणि कंपनीला नाव दिलं होतं त्यांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली.

स्विच आला तो वेग वाढावा म्हणून. पण त्यातून नकळत एक वेगळीच गोष्ट घडली. आता एक यंत्र, एक तार, एक पोर्ट असा हिशेब झाला. मधल्या खोलीतला डबा सांगू शकत होता की, अमुक टेबलावरची तार या सतराव्या भोकात येते. चाळीच्या गॅलरीला खोल्या पडल्या, खोल्यांना चौकटी बसल्या. दारं बसवणं आता शक्य होतं. बसवली मात्र कोणी नव्हती.

लांबच्याला नाव विचारायचं, जवळच्याला नाही

तोवर दुसरीकडे, टेलिफोनच्या दुनियेत, दारं कधीच बसली होती. आपल्यातल्या पन्नाशीच्या मंडळींना आठवत असेल, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. मोडेम लावायचा, ती खरखर, ती किंकाळी ऐकायची, आणि मग पहिला प्रश्न यायचा: नाव सांगा, पासवर्ड सांगा. टेलिफोनचा नंबर तर जगात कोणीही फिरवू शकतो. त्यामुळे पलीकडे कोण आहे ते विचारल्याशिवाय चालणारच नव्हतं. शिवाय तासांप्रमाणे पैसे घ्यायचे होते.

या गरजेतून जे घडलं ते आपल्या कथेच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. मिशिगन राज्यातल्या विद्यापीठांचं मेरिट नावाचं नेटवर्क होतं. त्यांच्यापुढे अडचण अशी की, मोडेमचे रॅक गावोगाव. प्रत्येक ठिकाणी हजारो वापरकर्त्यांची यादी ठेवायची का? एकाने पासवर्ड बदलला की ती सगळीकडे बदलायची का? १९९१ मध्ये त्यांनी कंपन्यांकडून उपाय मागवले, आणि लिव्हिंग्स्टन नावाच्या कंपनीच्या उत्तरातून ‘रेडियस’ जन्माला आलं. कल्पना सोपी आहे. यादी एकाच ठिकाणी, मुख्य दप्तरात. गावातल्या रॅकने फक्त निरोप पाठवायचा: अमुक माणूस आलाय, सोडू का? दप्तर उत्तर देणार: सोड, नको सोडू, किंवा अजून एक प्रश्न विचार. १९९७ च्या जानेवारीत रेडियसचं वर्णन इंटरनेटच्या दस्तऐवजांत अधिकृतपणे छापलं गेलं.

मग १९९८ च्या मार्चमध्ये मेरिटच्याच लॅरी ब्लंक आणि जॉन व्होलब्रेख्ट यांनी आणखी एक पायरी मांडली. ओळख पटवण्याच्या पद्धती सारख्या बदलत होत्या: आज पासवर्ड, उद्या कार्ड, परवा प्रमाणपत्र. दर वेळी मधल्या डब्यांना नवी पद्धत शिकवत बसायचं का? त्यांनी एक पाकीट तयार केलं, त्याचं नाव ईएपी. आत काय आहे ते मधल्या डब्याला वाचता येण्याची गरज नाही. त्याने पाकीट इकडून तिकडे द्यायचं, आणि शेवटी ‘हो’ की ‘नाही’ एवढंच ऐकायचं.

म्हणजे १९९८ साली चित्र असं होतं. मुंबईहून मोडेमवरून येणाऱ्या माणसाला नाव-गाव विचारलं जात होतं, आणि संस्थेच्या इमारतीत शिरून भिंतीत केबल लावणाऱ्याला काहीच नाही. तोवर जागचं न हलणारं धूड जाऊन लॅपटॉप आले होते. विद्यापीठांच्या ग्रंथालयांत, वसतिगृहांत, बैठकीच्या खोल्यांत सॉकेट बसली होती. इमारतीचं दार तर विद्यापीठात उघडंच असतं. आत आला तो आपला, हा हिशेब आता पुरत नव्हता.

दिंडी दरवाजा

थ्रीकॉम, एचपी, मायक्रोसॉफ्ट अशा कंपन्यांचे अभियंते आय-ट्रिपल-ईच्या समितीत बसले आणि त्यांनी काहीही नवं शोधायचं नाही असं जणू ठरवलं. रेडियस आहे, ईएपी आहे. टेलिफोनवर चाललेला खेळ ईथरनेटच्या तारेवर आणायचा, बस. जून २००१ मध्ये ८०२.१ एक्स मंजूर झालं.

ते चालतं कसं, हे समजायला आपल्याकडे तयार चित्र आहे. जुना वाडा किंवा गढी डोळ्यांसमोर आणा. मोठा दरवाजा बंद. त्या दरवाजातच एक छोटी खिडकीवजा वाट असते, दिंडी दरवाजा. आत देवडीवर पहारेकरी बसलेला. तुम्ही दिंडीशी येता. पहारेकरी विचारतो, कोण? तुम्ही मोहोरबंद पत्र देता. पहारेकरी ते फोडत नाही, त्याला कदाचित वाचताही येत नाही. तो ते आत कारभाऱ्याकडे पाठवतो. कारभारी खूण पटवतो, हवं तर उलट प्रश्न पाठवतो. शेवटी आतून सांगावा येतो, आणि मगच मोठा दरवाजा उघडतो.

आता नावं बदला. स्विचच्या प्रत्येक पोर्टला या प्रमाणकाने दोन वाटा दिल्या. एक नियंत्रित, तो मोठा दरवाजा. दुसरी अनियंत्रित, ती दिंडी. केबल लावली की फक्त दिंडी उघडी असते, आणि तिच्यातून ओळखीच्या पाकिटांशिवाय काहीही जात नाही. इंटरनेट नाही, फाइल नाही, नेटवर्कवरचा पत्तासुद्धा मिळत नाही. तुमच्या लॅपटॉपमधल्या प्रोग्रामला प्रमाणकाने जे नाव दिलं, त्याचा शब्दशः अर्थ होतो ‘याचक’. स्विच हा पहारेकरी. रेडियसचा सर्व्हर हा कारभारी. कारभारी नुसतं ‘सोड’ म्हणत नाही, कुठल्या चौकात सोड तेही सांगू शकतो: विद्यार्थी असेल तर इकडच्या नेटवर्कवर, हिशेब खात्याचा असेल तर तिकडच्या. केबल काढली की दरवाजा पुन्हा बंद.

यातली शहाणपणाची गोष्ट म्हणजे पहारेकऱ्याला कमी अक्कल लागते. स्विच हजारोंनी बसवायचे असतात, ते स्वस्तच हवेत. सगळी हुशारी एका जागी, दप्तरात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्यात हा ‘याचक’ आधीपासूनच बसवलेला होता. दारही तयार, अर्जदारही तयार.

भिंतच गेली

पण हे तंत्र जगभर पसरलं ते केबलमुळे नव्हे, वायफायमुळे. वायफायला भिंत नाही. सिग्नल खिडकीतून बाहेर, रस्त्यावर, समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो. त्याच्या संरक्षणाला वेप नावाची पद्धत होती, आणि तिच्यात सगळ्या ऑफिसला मिळून एकच किल्ली असायची. २००१ मध्ये ती पद्धत जाहीरपणे मोडली. बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी तिच्यातल्या चुका दाखवल्या, आणि त्याच उन्हाळ्यात फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी किल्ली कशी काढता येते ते दाखवलं.

तेव्हा सगळ्यांचं लक्ष ८०२.१ एक्सकडे गेलं. प्रत्येक माणसाची वेगळी ओळख पटवायची, आणि ओळख पटली की त्या बैठकीपुरती वेगळी किल्ली द्यायची. पण घाईत जे होतं तेच झालं. फेब्रुवारी २००२ मध्ये मेरिलँड विद्यापीठाच्या मिश्रा आणि आर्बॉ यांनी दाखवलं की, पहारेकरी तुमची ओळख मागतो, पण तुम्ही पहारेकऱ्याची मागत नाही. म्हणजे एखादा भामटा देवडी मांडून बसला, तर तुम्ही आपलं पत्र त्याच्या हातात द्याल! त्यातून धडा निघाला तो असा की, ओळख दोन्ही बाजूंनी पटली पाहिजे. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि जून २००४ मध्ये त्याचं पूर्ण प्रमाणक आलं, ते या धड्यावर उभं राहून.

इथे एक व्यवहारातली गोष्ट सांगून ठेवतो. संस्थेच्या वायफायला पहिल्यांदा जोडताना फोन विचारतो, हे प्रमाणपत्र खरं मानू का? आपण न वाचता ‘हो’ दाबतो. तोच तो क्षण, जेव्हा पहारेकऱ्याची ओळख मागायची संधी आपल्याला असते. पुढच्या वेळी दोन मिनिटं थांबा आणि संस्थेने कळवलेल्या नावाशी ताडून बघा.

ज्यांना तोंडच नाही

आता कथेचा तो भाग, जो पुस्तकांत अर्ध्या पानात उरकतात आणि प्रत्यक्षात माणसांचे महिने खातो. ओळख सांगायची तर बोलता यायला हवं. लॅपटॉप बोलतो. प्रिंटरचं काय? भिंतीवरचा कॅमेरा, हजेरीचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र, हॉस्पिटलमधलं दहा वर्षं जुनं तपासणी यंत्र? त्यांतल्या अनेकांत ‘याचक’ नाहीच.

आम्ही काही वर्षं एका महाविद्यालयाच्या नेटवर्कचं काम बघत होतो. मोठ्या उत्साहाने एका सोमवारी आम्ही सगळ्या पोर्टवर हे नियंत्रण चालू केलं. साडेदहापर्यंत कार्यालयातून तीन फोन. प्रवेशाच्या पावत्या छापेनात, हजेरी लागेना, आणि प्राचार्यांच्या खोलीतला प्रिंटर गप्प. खिडकीशी विद्यार्थ्यांची रांग उभी. दुपारी आम्ही तेच केलं जे सगळे करतात: ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी सूट. प्रत्येक यंत्राला कारखान्यातून मिळालेला ४८ बिटांचा मॅक पत्ता असतो. त्या पत्त्यांची यादी केली आणि कारभाऱ्याला सांगितलं, या चेहऱ्यांना न विचारता सोड.

चेहरा म्हणजे ओळख नव्हे, हे आम्हाला कळत नव्हतं असं नाही. पण रांग उभी होती. तीनेक महिन्यांनी लक्षात आलं की, दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर रात्री दहा ते दोन भरपूर सिनेमे उतरवून घेतोय. प्रिंटरचा पत्ता त्याच्या पाठीवर चिकटवलेला असतो, चाचणीचं पान छापलं तर त्यावरही येतो. कोण्या हुशार मुलाने तो आपल्या लॅपटॉपला लावला होता. आम्ही त्याच्यावर रागावलो खरे, पण चूक आमची होती. सूट दिलेल्या यंत्रांना वेगळ्या, कोंडलेल्या नेटवर्कवर ठेवायला हवं होतं, जिथून छापण्यापलीकडे काहीच करता येत नाही. ते आम्ही नंतर केलं.

हिरकणीची गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. रायगडाचे दरवाजे संध्याकाळी बंद झाले, आणि तान्ह्या बाळाच्या ओढीने ती कडा उतरून गेली. त्या आख्यायिकेत महाराजांनी काय केलं? दरवाजा आणखी जाड केला नाही. जिथून ती उतरली, तिथे बुरूज बांधला. नेटवर्कचा इतिहासही असाच आहे. दर वेळी कोणीतरी कड्यावरून उतरून दाखवतं, आणि मग तिथे बुरूज बांधला जातो.

दुसरा कडा असा होता. एकदा ओळख पटून पोर्ट उघडलं की मूळ प्रमाणक पुढची पाकिटं तपासत नव्हतं. म्हणजे लॅपटॉप आणि भिंत यांच्यामध्ये एक साधा हब बसवला, आणि दुसऱ्या यंत्राने पहिल्याचाच पत्ता लावला, तर ते फुकटात आत. २०११ च्या डेफकॉन परिषदेत अल्वा डकवॉल यांनी हे काम चोख करणारा पूलच उभा करून दाखवला: एक छोटं यंत्र मध्ये बसतं, खऱ्या लॅपटॉपला ओळख सांगू देतं आणि मग त्याच्याच नावाने बोलतं. यावर बुरूज म्हणजे मॅकसेक, २००६ चं प्रमाणक. त्यात तारेवरचं प्रत्येक पाकीट गुप्त किल्लीने बंद होतं. ती किल्ली ओळख पटल्यावर वाटण्याची सोय ८०२.१ एक्सच्या २०१० च्या आवृत्तीत आली. म्हणजे दारातून एकदा सोडलं की झालं, असं राहिलं नाही. पण त्यासाठी स्विच आणि यंत्र दोन्ही तयारीचे हवेत, आणि जुन्या स्विचवर ते होत नाही. तंत्र कागदावर असणं आणि तुमच्या भिंतीमागे असणं यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज पडतं.

ओळखीचा, पण आजारी

ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म पसरला. विंडोजमधल्या एका चुकीतून तो आपोआप एका यंत्रातून दुसऱ्यात जायचा. आणि नेमकं त्याच सुमाराला अमेरिकेतल्या विद्यापीठांचं नवं सत्र सुरू होत होतं. उन्हाळाभर घरी असलेले लॅपटॉप घेऊन मुलं वसतिगृहात परतली. ही मुलं परकी नव्हती. नाव खरं, पासवर्ड खरा. पण यंत्र आजारी.

तेव्हा नवा प्रश्न पुढे आला: तू कोण, याबरोबर तू कसा आहेस, हेही विचारायचं का? तुझ्यात अपडेट आहेत का, अँटिव्हायरस चालू आहे का? सिस्कोने त्याच वर्षी अशी योजना जाहीर केली. मायक्रोसॉफ्टने २००८ च्या सर्व्हरमध्ये आपली आवृत्ती दिली आणि काही वर्षांनी, २०१६ च्या सर्व्हरमधून, ती काढूनही टाकली. आजारी यंत्राला विचारलं, बरं आहे का, तर ते ‘ठीक आहे’ म्हणून खोटंही सांगू शकतं.

हाच दरवाजा, पण स्वागतासाठी

इथवर ऐकून वाटेल की ही सगळी अडवण्याचीच कथा आहे. तसं नाही. २००२ मध्ये नेदरलँड्सच्या सर्फनेटमधल्या क्लास व्हिरेंगा यांनी एक उलटा विचार मांडला. रेडियसचे कारभारी एकमेकांना निरोप देऊ शकतात ना? मग पाहुण्याची ओळख यजमानाने का पटवावी? ती त्याच्या घरच्या कारभाऱ्याकडून पटवून घ्या. त्यातून एज्युरोम उभं राहिलं. आज भारतात त्याचं काम अर्नेट ही संस्था बघते. सदस्य संस्थेतली आपल्याकडची विद्यार्थिनी युरोपातल्या एखाद्या विद्यापीठात उतरली, तर तिचा फोन आपोआप जोडला जातो. तिचं पाकीट बंदच राहून तिच्या घरच्या संस्थेपर्यंत जातं, तिथून ‘आमचीच आहे’ असा निरोप येतो. यजमानाला तिचा पासवर्ड कधी दिसत नाही. नाव झाकून फक्त संस्थेचं नाव पुढे करण्याचीही सोय आहे.

हे मुद्दाम सांगतो, कारण या तंत्रात आपलं काय पणाला लागलंय ते इथे दिसतं. पहारेकऱ्याची वही असते. रेडियसमध्ये कोण, कुठल्या पोर्टवर, कधी आला, कधी गेला, किती माहिती नेली, याची नोंद ठेवायची सोय आहे. चोर सापडायला ती लागते. पण त्याच वहीतून कोण प्राध्यापक किती वाजता खोलीत असतो, कोणती विद्यार्थिनी कुठल्या इमारतीत किती वेळ होती, हेही कळतं. ती वही कोणी बघायची, किती दिवस ठेवायची, हे प्रमाणक ठरवत नाही. ते संस्थेने ठरवायचं असतं, आणि आपण विचारायचं असतं. तुमच्या संस्थेत जरूर विचारा.

पुन्हा त्या रास्पबेरी पायकडे

तर शेवटी, त्या लॅबमध्ये नेमकं काय चुकलं? अहवाल वाचला तर कळतं की, नेटवर्कवरच्या यंत्रांची नोंदवही तिथे होती. पण एका व्यवस्थापकाने सांगितलं की, नोंद करायची यंत्रणा कधीकधी चालत नाही, आणि मग करायचं राहून जातं. शिवाय आतल्या भागांमध्ये पुरेशा भिंती नव्हत्या, त्यामुळे एका ठिकाणी शिरलेला दुसरीकडे जाऊ शकला.

म्हणजे दार असणं, नसणं हा अर्धाच भाग. कारभाऱ्याकडची यादी जिवंत हवी. आज मोठ्या कंपन्या म्हणतात, आत आला म्हणून कोणावरच विश्वास ठेवू नका, प्रत्येक खोलीशी पुन्हा विचारा. गूगलने २०१४ पासून आपली ही पद्धत लेखांतून मांडली. पण त्यातही यंत्राला कुठल्या नेटवर्कवर घालायचं हे ठरवायला त्यांनी ८०२.१ एक्सच वापरलं. देवडी गेली नाही, फक्त ती एकटी उरली नाही.

१९७३ च्या त्या ईथरपासून आपण इथवर आलो. आत आला तो आपला, इथपासून आत आला तरी सांग कोण, इथपर्यंत. यातला प्रत्येक टप्पा कोणाच्या तरी अडचणीतून आला: मिशिगनच्या याद्या, ग्रंथालयातले लॅपटॉप, आजारी होऊन परतलेली यंत्रं, आणि आमचा तो सिनेमे बघणारा प्रिंटर. पुढच्या वेळी भिंतीतलं ते सॉकेट दिसलं की एवढंच मनात विचारा: यात आत्ता केबल लावली, तर पलीकडे कोणी ‘कोण?’ म्हणून विचारेल का? आणि उत्तर ऐकून ते कुठे लिहून ठेवेल? या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्या संस्थेला देता आली, तर तुमच्या नेटवर्कची तब्येत बरी आहे असं समजा.

श्रोत्यांचा एक प्रश्न

प्रश्न: घरच्या वायफायसाठी हे सगळं करावं का?

उत्तर: गरज नाही. घरात माणसं चार, आणि कारभारी ठेवायला दप्तर लागतं. घरी चांगला लांब पासवर्ड, राउटरचे अपडेट, आणि पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क एवढं पुरे. हो, टीव्ही, कॅमेरा असली मुकी यंत्रंही त्या पाहुण्यांच्याच नेटवर्कवर ठेवा. आम्ही प्रिंटरच्या बाबतीत जे उशिरा शिकलो, ते तुम्हाला आधीच करता येईल.